समुद्रात खालचं मेडिकल नसतं : चार रात्रींची क्रूझ आणि नानांच्या गोळ्या

मी डोंबिवलीत मेडिकल चालवते, १९ वर्षं काउंटरवर उभी आहे. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत प्रवासाला निघणारी माणसं येतात आणि म्हणतात "ताई, प्रवासाची औषधं द्या", मी पण सराईतपणे ताप, उलटी, जुलाब, अ‍ॅसिडिटी, सर्दी असं एका पाऊचमध्ये भरून देते. यंदा फेब्रुवारीत आम्ही स्वतः घरचे आठ जण क्रूझला गेलो तेव्हा बॅग अर्थात मीच भरली. त्या बॅगेचं काय झालं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण दुकानातलं निम्मं कपाट बरोबर असूनही दोन वेळा मी अडकले, आणि दोन्ही वेळा औषध नव्हतं म्हणून नाही.

आधी माणसं सांगते. सासरे म्हणजे नाना, वय ७१, शुगर १४ वर्षं, बीपी आणि प्रोस्टेट वाढलेलं. त्यांना सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १ ची एकत्र गोळी, सकाळी बीपीची टेल्मिसार्टन ४० विथ हायड्रोक्लोरोथायाझाइड, रात्री प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि कोलेस्टेरॉलची एक. सासूबाई ६६, गुडघे दुखतात. मी, नवरा, आमची १४ वर्षांची मुलगी जिला लहानपणापासून गाडी लागते. दीर, जाऊबाई आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा.

प्रवास मुंबई ते लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट आणि परत. गुरुवारी संध्याकाळी बॅलार्ड पिअरवरून निघायचं, शुक्रवार पूर्ण समुद्रात, शनिवारी लक्षद्वीप, रविवार परत समुद्रात, सोमवारी सकाळी मुंबई. मुंबईपासून अगत्ती सरळ दक्षिणेला जवळजवळ ९०० किलोमीटर आहे म्हणजे मधले दोन दिवस आजूबाजूला पाण्याशिवाय काही नाही, मोबाईलची रेंज पण किनारा सुटला की काही वेळात जाते. हे मला माहीत होतं पण त्याचा अर्थ काय ते तिकडे गेल्यावर कळलं.

अर्थ असा की आपल्या घरातलं खरं प्रथमोपचाराचं साधन म्हणजे डबा नसतोच. कोणाला काही झालं की आपण डॉक्टरांना फोन लावतो, ते म्हणतात ही गोळी द्या ती आज देऊ नका, आणि कोणीतरी चप्पल घालून खालच्या मेडिकलमध्ये जाऊन येतं. रात्री साडेदहाला पण हे होतं. या दोन गोष्टी इतक्या हाताशी असतात की आपण त्यांना मोजतच नाही, आणि जहाजावर नेमक्या त्याच दोन नसतात.

गुरुवार : औषधं सुटकेसमध्ये

पहिली चूक दुपारी एक वाजताच झाली. टर्मिनलवर मोठ्या बॅगा टॅग लावून आपल्याकडून घेतात आणि त्या नंतर परस्पर केबिनच्या दाराशी येतात. आमच्या संध्याकाळी सात वाजता आल्या. मी औषधांचं पाऊच मोठ्या सुटकेसमध्ये अगदी वरच ठेवलेलं, म्हणजे पटकन मिळेल. सहा तास ते जहाजाच्या पोटात कुठेतरी होतं.

जहाज सुटलं पाचला. उलटीची गोळी म्हणजे आपली अ‍ॅव्होमिन, त्यातलं औषध प्रोमेथाझिन, ही निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची किंवा मोठा प्रवास असेल तर आदल्या रात्री झोपताना. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. मळमळायला लागल्यावर पोट काम करायचं मंद होतं आणि गोळी पोटातच पडून राहते, नाहीतर बाहेर येते. मुलीला मिळाली साडेसात वाजता, तोपर्यंत ती पांढरी पडलेली, नऊला सगळं बाहेर. आमच्या केबिन्स पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर होत्या, बुकिंग करताना व्ह्यू बघितला होता. जहाज सगळ्यात कमी हलतं ते मध्यभागी आणि खालच्या डेकवर, पुढे आणि वर सगळ्यात जास्त. बोट लागणारं माणूस बरोबर असेल तर खिडकीतून काय दिसतं याच्या आधी हा प्रश्न विचारा.

तिला मी मधल्या डेकवर मोकळ्या हवेत घेऊन बसले, लांब क्षितिजाकडे बघायला सांगितलं, मोबाईल काढून घेतला. सासूबाईंनी पर्समधून आलेपाकाची वडी दिली. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायच्या आणि सांगत होत्या की तेव्हा प्रत्येक बाईच्या पिशवीत लिंबू, आलं आणि आवळकाठी असायचीच, बोट लागणार हे धरूनच लोक निघायचे. आल्याने मळमळ कमी होते याला आता अभ्यासाचा पण आधार आहे आणि मुख्य म्हणजे त्याने झोप येत नाही. अर्ध्या तासाने मुलीने दोन बिस्किटं खाल्ली.

त्याच संध्याकाळी पुतण्या डेकवर पडून गुडघा खरचटून आला, रिसेप्शनवरून बँडएड मिळाली. आणि सासूबाईंचा पाय बाथरूमच्या उंबऱ्याला ठेचला. क्रूझच्या केबिनमध्ये बाथरूमला चांगला उंच उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, आणि घरी सवय नसल्याने रात्री हमखास अडखळायला होतं. आम्ही मग त्या उंबऱ्यावर पांढरी चिकटपट्टी मारून ठेवली, अंधारात दिसावी म्हणून. केबिनचे दरवाजे पण जड आणि आपोआप बंद होणारे असतात, लहान मूल असेल तर बोटं सांभाळा.

शुक्रवार : एक गोळी जी द्यायला नको होती

गुरुवारी रात्री मी मुलीबरोबर डेकवर असताना नाना म्हणाले मला पण गरगरतंय. नवऱ्याने पाऊच उघडलं, मुलीची अ‍ॅव्होमिन दिसली, दिली. त्याच्या जागी कोणीही दिली असती, पाकिटावर प्रवासातली उलटी असंच लिहिलेलं असतं.

सकाळी नाना साडेआठपर्यंत उठेनात, उठले ते पेंगुळलेले, भिंतीला धरून चालत होते, आणि बाथरूममध्ये गेले ते वीस मिनिटं बाहेर येईनात. मग हळूच मुलाला म्हणाले की लघवीला होतंय असं वाटतं पण सुटत नाही, पोट ताणलंय. मला नवऱ्याने हे सांगितल्यावर मी पहिलं विचारलं की रात्री त्यांना काय दिलं.

प्रोमेथाझिन हे जुन्या पद्धतीचं अँटीहिस्टामिन आहे. त्याने झोप येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते मूत्राशयाचा स्नायू पण ढिला करतं, आणि ज्यांचं प्रोस्टेट वाढलेलं आहे त्यांची लघवी आधीच जोर लावून होत असते, त्यांची ती अडकू शकते. साठी-पासष्टीच्या पुढच्या माणसांना ही जुनी अँटीहिस्टामिन्स शक्यतो देऊच नयेत असं म्हणतात, भ्रम होतो, तोल जातो, आणि हलत्या जहाजावर तोल गेलेला म्हातारा माणूस म्हणजे मांडीचं हाड. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं, ते पण याच जातीचं. मला हे सगळं पाठ आहे. पाऊचवर मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं की ही गोळी नानांना नाही.

केबिनच्या फोनवरून मेडिकल सेंटरला फोन केला. तिथे सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळ ओपीडी असते आणि बाकी वेळ तातडीचं असेल तर नर्स फोनवर असतेच. मोठ्या जहाजांवर डॉक्टर असणं ही काही मेहरबानी नाही, २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्येच आहे की १०० किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर पाहिजेच. आमचा प्रवास देशातलाच पण डॉक्टर होते. त्यांनी पोट तपासलं, म्हणाले दुपारपर्यंत वाट बघू, कोमट पाण्याची अंघोळ करा, उभं राहून प्रयत्न करा, नाही झाली तर नळी घालावी लागेल. दोन वाजता सुटली. ते दोन वाजेपर्यंतचे तास मी कधी विसरणार नाही, नाना गप्प पडून होते आणि त्यांना मुलांसमोर या विषयावर बोलायची इतकी लाज वाटत होती की त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं, पहाटे चारपासून त्रास होता.

म्हणून बॅग भरताना घरातल्या पुरुषांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, लघवीचं सरळ विचारा. नसेल विचारवत तर मुलाला विचारायला सांगा.

शनिवार : अगत्ती

हा दिवस छान गेला. मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं आणि छोट्या बोटींनी बेटावर नेतात, त्या बोटीत चढता-उतरताना कोणीतरी हात देणारं हवं, नानांना दोघांनी धरून उतरवलं. दीर पाण्यात गेले आणि पायाला प्रवाळ घासलं. प्रवाळाची जखम दिसते बारीक पण तिच्यात बारीक कण अडकून राहतात आणि मग आठवडाभर चिघळत राहते, त्यामुळे मी बाटलीभर स्वच्छ पाणी ओतून, साबण लावून, गॉझने थोडं घासूनच धुतली, ते ओरडले तरी. मग पोव्हिडोन आयोडिन आणि पट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवेना, ते मुंबईत येऊन घेतलं. पाण्यात उतरणार असाल तर रबरी बूट घाला, हे पट्टीपेक्षा स्वस्त पडतं. (आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, कायद्याने बंदी आहे.)

शनिवारी रात्री आणि रविवारी

साडेआठला नानांनी नेहमीची शुगरची गोळी घेतली आणि आम्ही जेवायला गेलो. त्यांनी चार घास खाल्ले, म्हणाले पोट बरं वाटत नाही. दहा वाजता पहिली उलटी, मग जुलाब. बारा वाजेपर्यंत चार-पाच वेळा. कशाने झालं हे मला सांगता येणार नाही. मी ओआरएस काढलं.

इथे सासूबाई आडव्या आल्या. त्यांचं म्हणणं, यात साखर आहे आणि मीठ पण, डॉक्टरांनी ह्यांना दोन्ही बंद केलंय. चौदा वर्षं ज्या बाईने नवऱ्याच्या चहात साखर पडू दिली नाही तिचं हे बोलणं मला अजिबात चुकीचं वाटलं नाही, पण जुलाबात हे उलटं करावं लागतं. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम, आणि ते ग्लुकोज गोडीसाठी नाहीच, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं, ग्लुकोज काढलं तर पाणी पण नीट आत जात नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाईन संपल्यावर हेच मीठ-साखरेचं पाणी कॉलऱ्याच्या पेशंटना द्यायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आलं. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं की आई, हे औषध आहे, चहा नाही. मग त्याच चमच्याने पाजत बसल्या, दर दोन मिनिटाला एक, उलटीत असंच द्यायचं असतं, पेला तोंडाला लावला की परत उलटी.

पुडीचं एक महत्त्वाचं. मोठी पुडी साडेवीस ग्रॅमची असते ती एका लिटरला. केबिनमध्ये मिळतात अर्ध्या लिटरच्या बाटल्या. अर्ध्या लिटरमध्ये अख्खी पुडी टाकली तर ते दुप्पट खारट-गोड होतं आणि जुलाब वाढू शकतात. म्हणून प्रवासाला छोट्या पुड्या घ्या, २०० मिलीच्या येतात, केबिनमधल्या ग्लासात बरोबर बसतात. जाऊबाईंनी मुलासाठी टेट्रापॅक आणले होते, ते त्यांना ओआरएसच वाटत होते. ते गोड पेय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावातून ओआरएस हा शब्दच काढायला लावला, हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी किती वर्षं लढा दिला, पण लोकांच्या मनातली सवय अजून जात नाही, माझ्या दुकानात रोज बघते.

रात्री दोन वाजता नाना घामाने भिजले, हात थरथरत होते आणि विचारलेल्याचं उत्तर भलतंच देत होते. ग्लुकोमीटर लावला, ५८. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर लो. मेटफॉर्मिनने एकट्याने सहसा असं होत नाही, पण ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो की नसो. गोळी आत, जेवण बाहेर. नवरा चॉकलेट काढायला धावला, त्याला थांबवलं, चॉकलेटमधल्या चरबीने साखर रक्तात जायला उशीर होतो. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिलं, नशिबाने पोटात राहिलं, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८४. अशा वेळी साधी साखर पण चालते, पण ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे, आणि आपल्याकडे तीन-तीन औषधांच्या गोळ्यांमध्ये ते फार असतं, त्यांना साखर नको, ग्लुकोजच पाहिजे, कारण ते औषध साखर फुटूच देत नाही लवकर. माणूस गिळत नसेल, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही.

आणि एकदा ८४ आली म्हणून झोपायचं नाही. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर राहतो, शुगर परत उतरू शकते. दर दोन तासांनी बघत राहिलो, माझ्याकडे पट्ट्या २५ होत्या म्हणून जमलं, नाना नेहमी प्रवासाला चार पट्ट्या घेऊन जातात.

आता सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं? हा खरा प्रश्न होता आणि इथे मी दुसऱ्यांदा अडकले. शुगरची नाही द्यायची हे कळत होतं. पण बीपीची? माणसाचं पाणी गेलंय, आणि त्या एका गोळीत टेल्मिसार्टन आहे जे किडनीतला दाब कमी करतं आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे जे अजून पाणी काढतं. मेटफॉर्मिन तर किडनी थकलेली असताना शरीरात साचतं. मला सगळं माहीत होतं, पण सासऱ्यांची चौदा वर्षांची बीपीची गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची हिंमत होत नव्हती, मी केमिस्ट आहे, डॉक्टर नाही. पहाटे तीनला वायफायचं पॅकेज विकत घेतलं, आमच्या डॉक्टरांना मेसेज टाकला, एक टिक. रविवार. त्यांनी नऊ वाजता बघितला.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या अंग फार दुखतंय त्यांचं, माझी कॉम्बिफ्लाम देऊ का अर्धी. त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन आहे. बीपीची अशी गोळी, पाणी काढणारं औषध आणि वर आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक, या तिघांच्या एकत्र येण्याने जुलाब झालेल्या म्हाताऱ्या माणसाची किडनी दोन दिवसात बसू शकते. नुसतं पॅरासिटामॉल ५०० दिलं. दिरांकडे जुलाबावरची अँटिबायोटिक नॉरफ्लॉक्स टीझेड होती, "दोन गोळ्यात बंद होतात" म्हणून. ती पण नाही, आणि जुलाब थांबवणारं लोपेरामाइड तर ताप असेल, शौचात रक्त असेल किंवा लहान मूल असेल तर अजिबातच नाही.

मेडिकल सेंटरला कळवायचं का यावर अर्धा तास घरात वाद झाला. दिरांचं म्हणणं, सांगितलं तर खोलीत कोंडतील आणि सगळ्यांची ट्रिप जाईल. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं, कोंडतात. पण नोरोव्हायरस असेल तर त्याचे फार थोडे कण दुसऱ्याला पुरतात, बुफेच्या एका चमच्यावरून पसरतो, आणि सॅनिटायझरने तो नीट मरत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. जहाजावर अजून कितीतरी नाना होते. मी फोन लावला.

नर्स आणि डॉक्टर केबिनमध्ये आले. बीपी ९६/६०. पहिला प्रश्न, कोणत्या गोळ्या, किती मिलिग्रॅम. मी सांगितलं. दुसरा, शेवटचं क्रिएटिनिन किती, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा. रिपोर्ट लॅबच्या लिंकवर होता आणि ती लिंक उघडेना. तिसरा, कशाची अ‍ॅलर्जी. सासूबाई म्हणाल्या सल्फाची, नाना म्हणाले नाही ती तुझी. त्यांनी बीपीची आणि शुगरची दोन्ही गोळी थांबवली, उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन दिलं, ओआरएस चालू ठेवायला सांगितलं, आणि नानांना सोमवारी उतरेपर्यंत केबिनमध्येच ठेवलं. टॅमसुलोसिन पण त्या रात्री नको म्हणाले, त्याने उभं राहिल्यावर बीपी अजून उतरतं. संध्याकाळपर्यंत बीपी ११०, जुलाब दोन. बिल केबिनच्या खात्यावर आलं. ते आधी आपण भरायचं असतं आणि विम्याकडून नंतर मागायचं, त्यासाठी बिलाबरोबर डॉक्टरांच्या सहीची तपासणीची चिठ्ठी पण लागते, ती उतरायच्या आधीच मागून घ्या.

त्याच रविवारी पुतण्याला ताप १०१. जाऊबाई घरी त्याला पॅरासिटामॉल सिरप साडेसात मिली द्यायच्या. घरची बाटली १२० ची, म्हणजे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. प्रवासाला घाईत घेतलेली बाटली २५० ची. त्या तेच साडेसात मिली मोजत होत्या. मुलाचं वजन १९ किलो, किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर एका वेळेला २८५, म्हणजे २५० च्या बाटलीतून साधारण साडेपाच मिली. साडेसात दिलं तर ३७५ झालं असतं. एकदा दिल्याने कदाचित काही झालं नसतं पण दिवसातून चार-पाच वेळा असंच गेलं तर लिव्हरवर जातं. मी तिथेच पेनने बाटलीवर वजन, मिली आणि तारीख लिहिली. आता दुकानात पण प्रत्येक सिरपवर लिहून देते.

आता ती बॅग कशी आहे

औषधं साधारण तीच आहेत, मांडणी बदलली. आधी आजारानुसार होती, ताप, उलटी, जुलाब. आता माणसानुसार आहे. नानांचं वेगळं पाऊच, त्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, अ‍ॅव्होमिन नाही, सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. त्यात प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांच्या जास्त गोळ्या, आणि त्या मूळ स्ट्रिपमध्ये, कापून डबीत भरलेल्या नाहीत, नाव आणि एक्स्पायरी दिसली पाहिजे. ग्लुकोमीटर, ३० पट्ट्या, जादा सेल, ग्लुकोजची पुडी, बीपी मोजायचं मशीन. मुलीचं पाऊच, पुतण्याचं पाऊच, त्यात सिरपबरोबर मोजायची सिरिंज. सगळ्यांचं मिळून एक, त्यात ओआरएसच्या छोट्या २० पुड्या, गॉझ, पट्ट्या, आयोडिन, डिजिटल थर्मामीटर, साबणाची वडी. कात्री मात्र सुटकेसमध्ये, हातातल्या बॅगेत तपासणीला काढून घेतात, म्हणून चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून ठेवायचे. विजेवरची शेकण्याची पिशवी किंवा पाणी तापवायची कॉइल नेऊ नका, आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाही, रबरी पिशवी न्या आणि गरम पाणी मागा. आणि ही सगळी पाऊचेस खांद्याच्या बॅगेत, पहिल्या दिवशी ती कोणाच्याही हातात द्यायची नाही. इन्सुलिनवाले असतील त्यांनी तर नक्कीच.

पण सगळ्यात महत्त्वाचा तो कागद. आल्यावर आमच्या डॉक्टरांकडे मी नानांना घेऊन बसले आणि म्हटलं तुम्ही फोनवर जे सांगता ते आत्ताच लिहून द्या. त्यांनी एका पानावर इंग्रजीत लिहून दिलं. वर आजार, औषधांची मूळ नावं आणि मिलिग्रॅम, क्रिएटिनिन, अ‍ॅलर्जी नाही. खाली, उलटी-जुलाब चालू असतील आणि जेवण जात नसेल तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या, परत कधी चालू करायच्या (नीट खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी), शुगर किती खाली किंवा किती वर गेली तर जहाजाच्या डॉक्टरांना लगेच बोलवायचं. हा कागद नानांचा आहे, तुमच्या वडिलांचा वेगळा असेल. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी असेल तर ती पण आजारपणात थांबवायची असते, उलट इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीच बंद करायचं नसतं, म्हणून माझ्या लिखाणावरून कोणी गोळ्या थांबवू नका, तुमच्या डॉक्टरांकडून असा कागद मागून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. एक प्रत पाऊचमध्ये, एक नानांच्या खिशात, एक फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून, लिंक नाही.

सोमवारी उतरल्यावर नानांची रक्ततपासणी केली, क्रिएटिनिन १.४ आलं, आधीचं १.१ होतं. बीपीची गोळी बुधवारी चालू केली, शुगरची त्याच्या आदल्या दिवशी अर्ध्या डोसवर. आठ दिवसांनी क्रिएटिनिन परत १.१. डॉक्टरांनी कागदावरचा जुना आकडा खोडून नव्या तारखेसह तोच आकडा परत लिहिला, आणि खाली प्रोमेथाझिनच्या नावापुढे स्वतःच्या पेनने दोन रेघा मारल्या.